मायच्या पसंतीचा मोहल्ला

पहिल्याच दलालाने विचारलं, "मॅडम, बजेट काय आहे?"

मी म्हटलं, "ते मागून बोलू. आधी हे सांगा, तिथे गच्चीवर मासोळ्या वाळू घातल्या तर शेजारचे काही म्हणतील का?"

दलालाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे. नवऱ्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. मी चारचौघांत तोंड उघडलं की हा माणूस चष्मा पुसतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, काच झिजली नाही हेच नवल.

"इकडे सगळे चांगले लोक आहेत मॅडम," दलाल म्हणाला.

"चांगले म्हणजे?"

"म्हणजे... शांत. वासाबिसाचं कोणी काही करत नाही."

"मग दुसरीकडे दाखवा," मी म्हटलं आणि ऑटोत जाऊन बसले.

मला चंद्रपुरात घर घ्यायचं होतं. पण घराआधी मोहल्ला पाहिजे होता, आणि तोही माझ्यासाठी नाही, मायसाठी. आम्ही ढिवर. सावलीच्या पुढे, वैनगंगेकडच्या एका गावात माझं माहेर. बाबा तलावात जाळं टाकायचे आणि माय डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासोळ्या विकायची. बाबा गेले तेव्हा मी शाळेतच होते. त्यानंतर मायच्या टोपलीवर मी शिकले, शिक्षिका झाले, पगार घेऊ लागले. मला ना भाऊ ना बहीण. मायला बघायचं तर मीच बघायचं, दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे पाहायची सोय नाही.

आता तिचे गुडघे गेलेत. मागच्या पावसाळ्यात ती तलावाच्या पाळीवरून घसरली आणि शेजारीण येईपर्यंत चिखलात पडून राहिली. हे मला तिने नाही, शेजारणीने फोन करून सांगितलं. मायला विचारलं तर म्हणे, "पडली नाई वो, बसली होती." पावसात, चिखलात, एकटी बसली होती म्हणे. त्या दिवशी मी फोन ठेवला आणि ठरवून टाकलं की पुढचा पावसाळा माय माझ्या घरी काढेल. तिला उचलून आणायची नव्हती. उचलून आणलेलं माणूस टिकत नाही, दुसऱ्या महिन्यात पिशवी भरतं. ती आपल्या मनाने यायला हवी होती आणि आपल्या मनाने राहायला हवी होती, आणि तेवढ्यासाठी मी अख्खं चंद्रपूर पालथं घालायला तयार होते.

कारण एकदा ती येऊन परत गेली होती.

बदली होऊन मी चंद्रपुरात आले तेव्हा आम्ही एका बऱ्या कॉलनीत भाड्याने राहत होतो. मायला बोलावलं. ती येताना झिंग्यांची पिशवी घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर जुनं लुगडं अंथरून तिने झिंगे वाळू घातले. घरमालकीण बाई वाईट नव्हती. जिन्यात भेटली तेव्हा हसूनच म्हणाली, "तुमच्या आईंना सांगा ना, वास फार येतो." झालं. माझं डोकं फिरलं. मी तिथेच उभी राहून तिला ऐकवलं, की तुमच्या अगरबत्त्यांचा धूर आम्ही रोज गिळतो, तेव्हा आम्ही काही म्हणतो का? मग शेजारणीने खिडकी धाडकन लावली, तर मी तिच्या खिडकीखाली जाऊन बोलले. नाकाने कांदे सोलणारे लोक मला मुळात सोसत नाहीत, आणि इथे तर गोष्ट माझ्या मायची होती. काही दिवस असं चाललं. एका सकाळी माय म्हणाली, "घर फेरायचं हाये वो बाई. छपराचे कवेलू फुटले अस्तीन, पावसाच्या आधी जाऊन पाह्यतो." पिशवी भरली, सावलीची बस धरली आणि गेली. हसत गेली. भांडून गेली असती तर मी पाया पडून परत आणली असती. हसत गेलेल्या माणसाची समजूत काय काढायची?

त्यानंतर बोलावलं की तिचं एकच उत्तर. "तुमचं सोताचं घर होऊ दे, मंग येईन."

आणि ही काही कुठेही न रमणारी बाई नाही. माझी पहिली नेमणूक भामरागडकडच्या एका जंगलातल्या गावात होती. नदी चढली की रस्ता बंद, जग बंद. एकटी पोरगी म्हणून माय तिथे माझ्यासोबत येऊन राहिली. तिला माडिया बोली येत नव्हती, तिथल्या बायकांना मराठी. तरी पहिला पावसाळा सरायच्या आत त्या बायका तिला जंगलात बरोबर न्यायला लागल्या. ही संध्याकाळी कधी भाजी, कधी बांबूचे कोंब ओच्यात घेऊन यायची आणि खुणा करून करून त्यांना मासोळी खारवायला शिकवायची. मी शाळेतून यायचे तर दारात सगळ्याजणी हसत बसलेल्या. तिथे जी बाई रमली तिला चंद्रपुरात गच्चीवर चार झिंगे वाळवता येऊ नयेत, या गोष्टीचा मला राग होता. अजूनही थोडा आहे.

तर मी घर शोधायला निघाले ती हा राग पदरात बांधूनच.

नवऱ्याच्या डोक्यात वेगळंच होतं. तो कॉलेजातली प्रयोगशाळा सांभाळतो, म्हणून त्याला प्रत्येक गोष्ट मोजून पाहायची सवय. इरई नदी फुगली की शहरातल्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं, ते त्याने लहानपणी पाहिलेलं. म्हणून कुठल्याही मोहल्ल्यात उतरलो की तो आधी पानठेल्यावर जायचा आणि विचारायचा, "भाऊ, इथी पाणी कुठपर्यंत येते?" लेक अकरावीत. तिला शिकवणीचे वर्ग जवळ पाहिजे होते, आणि मैत्रिणींना पत्ता सांगताना लाजायला नको अशी जागा पाहिजे होती. दोघांचंही चूक नव्हतं. पण मी दोघांनाही सांगितलं, की आधी माय, मग पाणी, मग शिकवणी.

माझी मोहल्ला पाहायची एक रीत होती. दलाल घर दाखवतात संध्याकाळी, कारण संध्याकाळी चंद्रपूरचं ऊन सोसण्यासारखं असतं, खिडकीतली कोळशाची धूळ दिसत नाही आणि दिवे लागले की कोणतंही घर सुखी दिसतं. मी जायचे रविवारी, अकराच्या सुमाराला. रविवारी अकराला मोहल्ला खरं बोलतो. कोणाकडे कशाची फोडणी पडली ते गल्लीच्या तोंडाशीच कळतं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत वास घेत चालायचे. एका दारातल्या बाईने विचारलं, "कोणाकडे जायचं आहे तुम्हाला?" मी म्हटलं, "कोणाकडे नाही. कोणाकडे काय शिजतंय ते पाहते आहे." ती हसली नाही. तो मोहल्ला मी तिथेच यादीतून कापला.

काही ठिकाणी लोक आडून आडून विचारायचे. आधी गाव, मग आडनाव, मग "अच्छा, म्हणजे तुम्ही त्या..." मी त्यांचे कष्ट वाचवायचे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? "आम्ही ढिवर, मासोळीवाले," मी सांगून टाकायचे. की नवरा चष्मा पुसायला लागायचा. तोही आमच्यातलाच, पण त्याच्या वडिलांपासून घरात नोकरी आलेली. त्याने जाळं पाहिलं ते लग्नानंतर, माझ्या माहेरी. माझं उत्तर ऐकून काही लोक एकदम फार गोड बोलायला लागायचे. ते गोड बोलणं सुरू झालं की मी चप्पल घालायचे.

असं करत करत तीन घरं उरली. एक होतं शहराबाहेर उंचावरच्या नव्या लेआऊटमध्ये. पाणी सात जन्मात यायचं नाही, म्हणून नवऱ्याचं मन तिथे. दुसरा होता भर बाजाराजवळचा लिफ्टवाला फ्लॅट. शिकवणी खालीच, म्हणून लेकीचं मन तिथे. तिसरं घर नदीकडच्या उतारावर, जुनं, अंधारं, भिंतीला पोपडे आलेलं. पण आजूबाजूला सगळे मासोळी खाणारे, दोन-तीन घरं तर धंदाच तो करणारी. रविवारी त्या गल्लीत शिरले आणि मला लहानपणीच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. मी कोणाला काही बोलले नाही. मायने पाहायच्या आधी आपण तोंड उघडायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं.

मायला सकाळच्या बसने बोलावून घेतलं आणि तिन्ही घरं एका दमात दाखवली. तिने प्रत्येक घरात जाऊन चूल कुठे, मोरी कुठे एवढं पाहिलं. मग आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. नवऱ्याने उंचावरच्या घराचं गुणगान केलं. लेकीने फ्लॅटचं केलं. मी गप्प. शेवटी मी विचारलं, "माय, तुले कोणतं आवडलं?"

मायने बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, "ते नदीकडचं. बरं हाये."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. "पाह्यलं?" मी नवऱ्याला म्हटलं. "माय कशाला हो म्हणेल ते मला ठाऊक होतं."

"आई, तिथे पाणी येतं हो," नवरा म्हणाला. "खिडकीपर्यंत आलं होतं म्हणतात."

"आलं तं आलं," माय म्हणाली. "आपण पाण्याचेच लोक."

नवऱ्याने चष्मा काढला. लेक रुसून रस्त्याकडे पाहत बसली. मी दलालाला फोन करून सांगितलं, की आठ दिवसांत बोलणं पक्कं करतो. कोबा उंच करून घेऊ, माझ्याकडे सगळ्याची उत्तरं तयार होती. "ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं," असं काहीतरी नवरा पुटपुटला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्याच आठवड्यात गावच्या तलावाची मासोळी काढायची होती. उन्हाळ्यात पाणी तळाशी गेलं की आमच्या गावात सगळे मिळून तलाव धरतात. सगळी मासोळी पाळीवर ओततात आणि पळसाच्या पानांवर तिचे वाटे घालतात, घराला एक. लहान-मोठी, चांगली-वाईट मासोळी सारखी वाटून घालणं हे सोपं काम नाही, आणि आमच्या गावात ते काम कित्येक वर्षं मायकडे आहे. तिने घातलेल्या वाट्यावर आजवर कोणी बोट ठेवलं नाही. माय त्यासाठी गावी परतली होती; येताना तिला घेऊनच यावं म्हणून आम्ही तिघंही गेलो.

लेक बूट हातात घेऊन पाळीवर उभी. तिने हे आधी कधी नीट पाहिलं नव्हतं. मायने फतकल मारून वाटे घातले. मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई पुढे आली, तिने आपल्याला पाहिजे तो वाटा उचलला. मग बाकीच्यांनी एकेक करून उचलले. कोणाला मरळ दिसली, कोणाला रोहू. शेवटी एकच वाटा उरला, त्यात बारीक मासोळ्याच जास्त, आणि एक फुटलेली.

"आजी, तू आधी का नाही घेतला?" लेकीने विचारलं.

"जे वाटे घालते ते शेवटी उचलते," माय म्हणाली. "नाईतं सारखे वाटे कोन घालीन वो?"

"पण तुला तर नुसता चुरा राहिला."

मायने पान उचललं आणि म्हणाली, "बरं हाये."

त्याच आवाजात. टपरीवर बशी खाली ठेवून म्हणाली होती, अगदी त्याच आवाजात. आम्ही घरी आलो, माय अंगणात विळा घेऊन मासोळी साफ करायला बसली, आणि मी तिच्यासमोर पाट ठेवून बसले.

"माय, ते नदीकडचं घर तुले काऊन आवडलं?"

"बरं हाये ना."

"बरं हाये का ते नाई इचारलं. काऊन आवडलं ते इचारलं."

तिचा हात थांबला नाही. "जवाईनं एक उचललं, पोरीनं एक उचललं. राह्यलं ते मी घेतलं. त्यात काय एवढं?"

"माय, घर म्हणजे काय वाटा आहे?"

"घर तुमी घेऊन राह्यले. मी काऊन आधी हात घालू? आन् तू गप बसली होती, पन त्या गल्लीत गेली तं तुह्या तोंडावर दिसून राह्यलं होतं. म्हटलं चला, लेकीचं बी मन राह्यलं."

मी म्हटलं, "अवं, पण मी ते तुझ्यासाठीच शोधलं. तिथे आपले लोक आहेत. मासोळी वाळू घातली तर कोणी हूं की चूं करणार नाही."

तेव्हा मात्र तिने विळा आडवा केला. "बाई, तुले असं काऊन वाटते, मले मासोळीपाशीच राहाचं हाये?"

"गच्चीवर तूच तर घालत होतीस वाळू!"

"ते तं तुह्यासाठी. लहानपनी तुले झिंग्याच्या चटनीशिवाय भाकर जाये नाई. म्हटलं लेकीले आवडते, घालून द्याव वर्षाचे."

"मग गेलीस काऊन?"

"तू भांडे ना. रोज भांडे. माह्या नावानं भांडे. लोक जिन्यात उभे राहून पाह्ये. मी गेली तं भांडन मिटलं."

नवरा दारात उभा होता. तो आत गेला आणि लेकीलाही आत घेऊन गेला. मी मायला विचारलं, आणि हे विचारताना माझा आवाज चढला, "तुला मासोळीची लाज वाटते का माय?"

"लाज कायची?" ती म्हणाली. "त्याच्याच पैशात तुले शिकवलं. लाज नाई वो. कंटाळा आला. सारी जिंदगी लोकाइनं मले 'ओ मासोळीवाली' म्हनून हाक मारली. सावलीच्या बाजारात माहं नाव एकाले मालूम नाई. आता मले मासोळीवाली नाई राहाचं. नुस्ती म्हातारी राहाचं हाये."

मी रडले. सरळ पदर तोंडाला लावून रडले, तिच्या अंगणात, मासोळीच्या खवल्यांत बसून. मग विचारलं, "तुला राहायचं तरी कुठे आहे?"

"मले काय मालूम? मले कोनी इचारलं काय?"

"मी विचारते आहे ना."

"तू इचारत नाई. तू ठरवते, आन् मंग इचारते."

माझ्याच मायने मला असं सुनावलं. पण मी काही हट्ट सोडणाऱ्यांतली नाही. पावसाळा तोंडावर होता आणि मायला चंद्रपुरात आणायचीच होती. रात्रीची भाकर खाऊन होईपर्यंत मला तोड सापडली होती. मी तिला म्हटलं, "माय, घरं शोधून तुमच्यासमोर कोण मांडते? मी. म्हणजे वाटे घालणारी मी. मग शेवटी कोण उचलेल?"

"तू," माय म्हणाली. तिला पुढचं अजून दिसलं नव्हतं.

"आणि पहिला वाटा कोणाचा?"

पहिला वाटा सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

"जवाई काय म्हनतीन?" ती हळूच म्हणाली.

"जवाई चष्मा पुसतील," मी म्हटलं. आतून नवरा हसला. माझ्याशी ती वर्षभर वाद घालू शकली असती. तलावाच्या रितीशी वाद घालणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि मी नेमकी तिथेच धरली होती तिला.

दलालाला नदीकडच्या घराचं नाही म्हणून कळवलं आणि आम्ही नव्याने सुरुवात केली. या वेळी ऑटोत पुढे माय. पहिले काही दिवस तिने जीव नकोसा केला. काहीही दाखवा, "बरं हाये." शेवटी मी तो शब्दच बंद करून टाकला. पाहिजे म्हण, नाहीतर नको म्हण, तिसरं काही चालणार नाही. मुद्दाम आधीच्या तीन घरांवरून पुन्हा नेलं. उंचावरच्या लेआऊटमध्ये ती बराच वेळ उभी राहिली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "नको." मग जावयाकडे पाहून घाईने म्हणाली, "घर चांगलं हाये, पन इथी कुत्र्यासंगच बोला लागन." फ्लॅटच्या खाली म्हणाली, "नको. लिफ्टमंदी जीव गुदमरते." लेक "आजी" म्हणून ओरडली, तर माय खुदकन हसली. नदीकडच्या उतारावर तर ती ऑटोतून उतरलीच नाही. "नको. मले पाण्याची लय भीती वाटते."

"तुला? पाण्याची?" मी म्हटलं. "आपण पाण्याचेच लोक म्हणत होतीस ना?"

"तुहा बाप पाण्याचा होता. तो पाण्यात जाये आन् मी पाळीवर उभी राहो. अंधार पडला तरी उभी राहो. मलेच मालूम मी काय पाह्ये त्या पाण्याकडे."

इतक्या वर्षांत हे ती मला कधी बोलली नव्हती. नवऱ्याने ऑटोवाल्याला गाडी वळवायला सांगितलं.

नको म्हणायला ती शिकली, पण पाहिजे काही तोंडातून निघेना. मृग जवळ आला. दलालांनी आमचे फोन उचलायचं सोडलं. एका दुपारी कुठलंसं एक घर नापसंत करून आम्ही परत निघालो होतो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मायला तहान लागली म्हणून एका जुन्या वस्तीत, कडुनिंबाखाली रांजण दिसला तिथे ऑटो थांबवला. खाणीतून, पॉवर हाऊसमधून रिटायर झालेल्या लोकांनी बांधलेली ती घरं. कोणी सिरोंच्याकडचं तेलुगू बोलणारं, कोणी गडचिरोलीकडचं, कोणी कुठलं. ओट्यासमोर ओटे. निंबाच्या सावलीतल्या ओट्यावर तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या, खडूने घरं आखून चिंचोक्यांनी अष्टचंग खेळत. भर दुपारी, कामधंदा सोडून.

माय पाणी प्यायली आणि तिथेच उभी राहून पाहायला लागली. एकीने विचारलं, "खेळता येते का आजी?"

"लहानपनी खेळली होती," माय म्हणाली. "लग्न झाल्यावर कुठी."

"मग बसा ना. चौथी नाहीच आमच्याकडे. समोरची होती, ती गेली पोराकडे पुण्याला. घर विकायला काढलं तिनं."

माय बसली. गुडघे मुडपत नाहीत म्हणून एक पाय लांब सोडून बसली. कुठल्या तुम्ही, असं एकीने विचारलं, माय म्हणाली, "सावलीकडची." नाव विचारलं, तिने नाव सांगितलं. माझ्या मायचं नाव मी बाहेरच्या माणसाच्या तोंडून फार क्वचित ऐकलं आहे. त्या बायांनी मात्र लगेच त्या नावाने हाक मारून तिला चिंचोके दिले, तुझी पाळी म्हणाल्या. पहिल्याच डावाला तिने एकीची सोंगटी मारली. त्या बाईने हिला शिवी दिली, आणि माय तोंडावर पदर घेऊन अशी हसली की लेक माझ्याकडे पाहायला लागली.

आम्ही समोरचं घर पाहून आलो. पश्चिमेचं तोंड, म्हणजे दुपारनंतर भट्टी. शिकवणी लांब. स्वयंपाकघर एवढंसं. नवऱ्याने पानठेल्यावर विचारलं, पाणी येत नाही म्हणाले. पण घर काही कोणाच्या मनात भरलं नाही, माझ्याही नाही. मी बाहेर येऊन मायच्या बाजूला उभी राहिले. काही विचारलं नाही. विचारायचा फार मोह होत होता, ओठ दाबून धरले.

तेवढ्यात एक गाडी आली. दलाल उतरला, मागून नवरा-बायको आणि दोन लेकरं. त्यांनाही तेच घर पाहायचं होतं. बाई आत गेली, बाहेर आली आणि म्हणाली, "छान आहे, घेऊन टाकू." माझ्या नवऱ्याने सवयीप्रमाणे चष्मा काढला आणि म्हणाला, "ठीक आहे, त्यांना पाहू द्या. आपण दुसरं बघू. चला आई."

मायने त्या दोन लेकरांकडे पाहिलं. तिचा चेहरा मला पाठ आहे. ती उठणार, हे मला कळलं. लेकराबाळांचं घर आहे, घेऊ दे त्याइले, असं म्हणून ती उठणार, पिशवी घेणार, आणि पावसाच्या आधी सावलीची बस धरणार. तिने हात ओट्यावर टेकलासुद्धा.

मग तो हात तिने उचलला.

"नाई," ती म्हणाली. जावयाला नाही, दलालाला नाही, माझ्याकडे पाहून म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "हे मले पाह्यजे."

त्या तीन बायांनी हातातले चिंचोके खाली ठेवले.

"जा ना," माय मला म्हणाली. "उभी काऊन राह्यली? जा, बोल त्याइच्याशी. मी बसली हाये इथी."

मी गेले आणि त्या घराच्या दारात आडवी उभी राहिले. "हे घर माझ्या मायने उचललं आहे," मी दलालाला म्हटलं.